कोविडनं मागे काय ठेवलं? ऑक्सिजन प्लांटचं कुलूप आणि बाकीचं

माळावरचा_वड (शनिवार, रात्री १०.१५)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

परवा आईला घेऊन आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो. केसपेपरची रांग लांब, म्हणून तिला बाकावर बसवलं आणि मागच्या बाजूला लिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. तिथं एक निळ्या पत्र्याची शेड आहे. दाराला कुलूप, कुलूप गंजलेलं, आणि कडीवर कुणीतरी फडकं वाळत घातलेलं. जाळीतून आत डोकावलं तर दोन उंच पांढऱ्या टाक्या, एक मोठा कंप्रेसर आणि त्यावर बोटभर धूळ. भिंतीवर उद्घाटनाची पाटी, २०२१ सालची. हवेतून ऑक्सिजन काढायचा प्लांट.

पाटी बघून पोटात गलबललं, कारण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मी आणि माझा चुलतभाऊ एका सिलिंडरसाठी छोटा हत्ती घेऊन तीन तालुके फिरलो होतो. शेवटी एका वेल्डिंगवाल्यानं दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "परत आणा फक्त." घरी आणल्यावर रेग्युलेटरच्या सांध्यातून गळती. वॉशर मिळेना, दुकानं बंद. मामा खाटेवर पालथे झोपलेले, आणि आम्ही दोघं टॉर्च लावून त्या सांध्याला साबणाचं पाणी फासून बुडबुडे मोजतोय. मामा वाचले. शेजारच्या आळीतले दोघं नाही वाचले.

तेव्हा आपण इथं काय काय लिहिलं होतं आठवतंय? आता लग्नं पन्नास माणसांतच होतील. लोक हस्तांदोलन विसरतील. सरकार आरोग्यावरचा खर्च दुप्पट करेल. गावाकडं परतलेली पोरं गावातच राहतील. मीही लिहिलं होतं, नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, त्यालाही आता बराच काळ लोटला.

तर प्रश्न असा: तुमच्या डोळ्यांदेखत खरंच काय बदललं, आणि काय बदलून परत होतं तिथं आलं? मतं पुष्कळ ऐकली. पाहिलेलं सांगा.

चिंचोका (शनिवार, रात्री १०.३१)

पहिला नंबर माझा. आमच्या सोसायटीत जिन्यात थुंकल्यास दंडाची पाटी लागली होती. सध्या त्या पाटीवरच थुंकतात.

गावडॉक्टर (शनिवार, रात्री ११.०५)

चांगला धागा. माझ्या धंद्यातला एक बदल पक्का झालाय, तो म्हणजे फोन.

२०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रकरणात, फोनवरून उपचार सांगितल्याच्या मुद्द्यावर, मुंबई उच्च न्यायालयानं दोन डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. त्यानंतर आम्ही सगळे इतके घाबरलो की पेशंटनं फोनवर "क्रोसिन घेऊ का?" विचारलं तरी "येऊन दाखवा" म्हणायचो. आणि मग २५ मार्च २०२०, टाळेबंदीचा पहिला दिवस, त्याच तारखेला टेलिमेडिसिनची नियमावली आली. कोणतं औषध फोनवर लिहायचं, कोणतं अजिबात नाही, पहिल्या भेटीत काय चालतं, नोंद कशी ठेवायची, सगळं लेखी. वर्षानुवर्षं भिजत पडलेलं घोंगडं एका आठवड्यात वाळलं.

फायदा झालाच. बीपी-शुगरचे माझे निम्मे जुने पेशंट आता दर महिन्याला एसटीचे धक्के खात येत नाहीत. घरच्या मशीनवरचे आकडे पाठवतात.

तोटाही सांगतो. रात्री अकराला ट्यूबलाइटखाली काढलेला जिभेचा फोटो येतो, खाली नुसतं "सर बघा". ना वय, ना नाव, ना किती दिवसांपासून. आणि फी विचारली की "फोनवरच तर बोललो" म्हणतात. गेल्या पावसाळ्यात एका मुलाच्या पोटदुखीसाठी घरच्यांनी तीन दिवस तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना फोन केले. तिघांनी ॲसिडिटीच्या गोळ्या सांगितल्या, त्यात मीही होतो. चौथ्या दिवशी मुलगा समोर आला, पोटावर हात ठेवला आणि कळलं. अपेंडिक्स. वेळेत ऑपरेशन झालं. तेव्हापासून पोटदुखी फोनवर ऐकायची नाही, हा माझा नियम.

उपकेंद्राची_सिस्टर (शनिवार, रात्री ११.४०)

डॉक्टरसाहेब, आमच्याकडं हेच ई-संजीवनीतून चालतं. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम बसतात, त्या टॅबवरून जिल्ह्याच्या डॉक्टरांना जोडून देतात. पहिल्यांदा एका आजींना बसवलं तर त्यांनी स्क्रीनवर डॉक्टर दिसल्याबरोबर डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नमस्कार घातला. नंतर हळूच मला विचारलं, "हे मला बघत्यात व्हय?" आता त्याच आजी, त्वचेचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, हे मला सांगतात. पूर्वी खरजेसाठी जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली आणि भाडं वेगळं.

पण वरून रोजचा आकडा मागतात. आकडा भरायचा म्हणून महिनाअखेरीस बरी असलेली माणसंसुद्धा जोडून द्यावी लागतात. रेंज यावी म्हणून टॅब खिडकीच्या गजाला बांधलाय, तो वेगळाच विषय.

आणि ऑक्सिजन प्लांटचं म्हणाल तर कुलूप पाहून मला नवल वाटलं नाही. प्लांट आला, तो चालवायला माणूस आला का, हे आधी विचारा.

जुनी_मुंबई (रविवार, सकाळी ८.२०)

पाहिलेलं सांगा म्हणालात, पण थोडं वाचलेलं चालवून घ्या. सव्वाशे वर्षांमागचं आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, अवघ्या चार कलमांचा. पुण्यात त्याची अंमलबजावणी कशी झाली आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत काय घडलं, ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. गंमत म्हणजे मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यानं बाहेर काढला तोही हाच कायदा. साथ एकविसाव्या शतकातली, हत्यार व्हिक्टोरिया राणीच्या वेळचं.

त्या प्लेगनं मुंबईत दोन टिकाऊ गोष्टी ठेवल्या. एक हाफकिन. वाल्देमार हाफकिननी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळची प्रयोगशाळा त्यातूनच उभी राहिली. दुसरी, १८९८ ची सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्या ट्रस्टचे रस्ते, समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून काढलेले. दादर-माटुंग्याच्या वसाहती त्याच आखणीतल्या. ट्रस्टनं गरिबांच्या खोल्या पाडल्या जास्त आणि बांधल्या कमी, हे खरं, आणि माणसं पुढच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीत कोंबली गेली. तरी एक नियम त्यांनी घातला होता: ६३.५ अंशांचा. खिडकीतून आकाश दिसायला हवं, म्हणून इमारत जेवढी उंच त्याच्या साधारण निम्मी मोकळी जागा समोर सोडायची. हिंदू कॉलनीतली जुनी घरं बघा, दुपारी दिवा लावावा लागत नाही.

आता मानखुर्द-गोवंडीकडं जा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूब. तिथल्या टीबीचा आणि न येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा संबंध कोविडच्या आधीच अभ्यासकांनी दाखवून दिला होता. कोविड हवेतून पसरतो हे कळल्यावर मला भाबडेपणानं वाटलं, आता तरी दोन इमारतींमधलं अंतर वाढेल. आमच्या वॉर्डात उभे राहणारे नवे टॉवर बघून तसं काही वाटत नाही.

चिंचोका (रविवार, सकाळी ८.४४)

म्हणजे इंग्रजांना खिडकीतून आकाश दिसलं पाहिजे होतं, आपल्याला एफएसआय.

जुनी_मुंबई (रविवार, सकाळी ९.०२)

चिंचोका, अगदी. आणि एक राहिलं. १९१८ चा इन्फ्लुएंझा, आपल्याकडं त्याला मानमोडी म्हणायचे. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसं मेली असा अंदाज आहे, प्लेगच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली, असं दुसऱ्या कुठल्याच दशकात झालेलं नाही. त्या साथीचा एखादा रस्ता, एखादी संस्था, एखादा कायदा मुंबईत सापडतो का, मी बरीच वर्षं शोधतोय. मला नाही सापडला. आमच्या पणजीचे दोन भाऊ एकाच आठवड्यात गेले, एवढंच घरात माहीत. त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत.

मला भीती ही आहे की कोविड प्लेगच्या नाही, मानमोडीच्या वाटेनं जाईल.

कृष्णाकाठ (रविवार, सकाळी ११.३०)

सगळंच गेलं असं नाही. आमच्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड बघा. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. कोविडमध्ये गावातले कर्ते पुरुष ऐन उमेदीत गेले, पंचवीस-तिशीतल्या बाया मागं राहिल्या, त्यातून हा विषय निघाला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असा ठराव करा म्हणून सांगितलं, आणि पुष्कळ गावांनी केलाही.

आता ठरावापलीकडचं. माझं गाव हेरवाड नव्हे, शेजारचं. ठराव आमच्याकडंही झालाय. गेल्या साली आमच्या भावकीत एक तरुण माणूस हार्टॲटॅकनं गेला. बायको तिशीतली. घाटावर दोन म्हाताऱ्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या, तेवढ्यात तिची थोरली जाऊ मधे उभी राहिली आणि म्हणाली, "ग्रामपंचायतीचा ठराव हाय. दंड बसंल." दंडबिंड काही नाही त्या ठरावात! पण म्हाताऱ्या मागं सरल्या. तेराव्याला तीच बाई टिकली लावून वाढत होती आणि जेवणाऱ्या निम्म्या बाया तिच्याकडं बघत नव्हत्या. हळदीकुंकवाला अजून कुणी बोलवत नाही.

तरी हिरव्या बांगड्या हातात आहेत. माझ्या आजीच्या वेळी काय झालं होतं, ते मी घरात ऐकलंय, त्यामुळं मला हे थोडं वाटत नाही.

उपकेंद्राची_सिस्टर (रविवार, दुपारी १२.१०)

कृष्णाकाठदादा, त्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.

आशाची_लेक (रविवार, दुपारी २.४८)

आई आशा स्वयंसेविका आहे, सतरा वर्षं झाली. २०२० मध्ये पहिले काही आठवडे तिच्याकडं मास्क म्हणजे ओढणीच होती. घरोघरी जाऊन ऑक्सिजन मोजायचा, "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"चं सर्वेक्षण करायचं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर मागच्या मोरीत आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा चार वर्षांचा. आई दिसली की धावायचा, मग आम्ही त्याला खोलीत कोंडायचो. गल्लीतल्या काहींनी तिला पाणी भरायला नळावर येऊ नको म्हणून सांगितलं, त्यातलीच दोन घरं पुढं बेडसाठी तिच्याकडं आली.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांचा सन्मान केला. गावात बॅनर लागला, आईचा फोटोही होता. पण मानधनात ५,००० रुपयांची वाढ मिळायला मार्च २०२४ उजाडला, तीही संप करून आणि थंडीत आझाद मैदानावर बसून. आई तिथं होती. अजूनही पगार म्हणत नाहीत, मानधनच म्हणतात. ती म्हणते, मान देतात आणि धन कापतात.

बदल विचारलात म्हणून सांगते: आता लोक तिला घरात खुर्ची देतात. पूर्वी दारातूनच बोलायचे.

लीड्सकर (रविवार, दुपारी ३.३०)

इथं इंग्लंडमध्ये नर्स आहे म्हणून इकडचं थोडं. कोविडआधी फॅमिली डॉक्टरच्या दर पाच भेटींपैकी चार समोरासमोर व्हायच्या, आता दोन तृतीयांशच्या आसपास. बाकी फोनवर. सकाळी ८ वाजता सगळ्यांनी एकदम फोन लावायचा, लागला तर लागला. माझी मराठी शेजारीण याला तत्काळ तिकिटाची खिडकी म्हणते.

आणि इथं खरा घाव प्रतीक्षायादीला बसला. कोविडच्या तोंडावर ती ४६ लाखांच्या आसपास होती, २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली. कोविडसाठी बाकीची कामं थांबवली, ती तुंबलेली अजून उपसतोय. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काठी टेकत वर्ष काढलेले लोक मी रोज बघते. टाळ्या आम्हालाही वाजवल्या होत्या, दर गुरुवारी रात्री आठला.

हिशेबनीस (रविवार, संध्याकाळी ६.१५)

एक बदल कागदावर झालेला सांगतो, कारण मी त्यात होरपळलोय.

२१ मे २०२० ला राज्यानं खाजगी रुग्णालयांचे दर बांधले. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटर नसलेला आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. वडील अकरा दिवस होते, शेवटचे पाच व्हेंटिलेटरवर. ते गेले. बिल हातात आलं त्यात पीपीई किट, बायोवेस्ट, "विशेष देखरेख", असं काय काय वेगळं लावलेलं. रुग्णालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. महापालिकेच्या लेखापरीक्षकाकडं अर्ज केला, चार महिने चपला झिजवल्या, आणि ८३,००० परत मिळाले. वडिलांच्या मृत्यूचे पैसे मोजून घेताना कसं वाटतं ते लिहीत नाही.

तो दरांचा आदेश साथीपुरता होता, गेला. पण जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती झाली: दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. ती अजून लागू आहे. मागच्या महिन्यात भावजयीला एका दवाखान्यात दाखल केलं तेव्हा मी काउंटरवर विचारलं, दरपत्रक कुठंय? तिथल्या मुलीनं भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर उचललं, त्याच्या मागं होतं. लॅमिनेट केलेलं!

मी फोटो काढला. डिस्चार्जच्या वेळी बिलातली एक ओळ त्या फोटोशी जुळत नव्हती. दाखवल्यावर निमूटपणे काढली. कायदा कॅलेंडरामागं असला तरी असतो, एवढं मला कळलं. मागणारा पाहिजे.

चिंचोका (रविवार, संध्याकाळी ६.४०)

हिशेबनीस, यावर विनोद सुचत नाही. फोटोची युक्ती घेतली.

कंप्रेसरवाला (रविवार, रात्री ९.२५)

धाग्यावर उशिरा आलो. मी रुग्णालयांची यंत्रसामग्री दुरुस्त करतो, आणि असे प्लांट उभारतानाही होतो. वडभाऊ, तुमच्या कुलपाबद्दल जरा सविस्तर.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. कंप्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातली ओल काढतो आणि ती त्या पांढऱ्या टाक्यांत जाते. टाक्यांत झिओलाइट नावाचे साबुदाण्याएवढे खडे असतात. दाबाखाली ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढं सोडतात. एक टाकी भरते तेव्हा दुसरी फुस्स करून नायट्रोजन बाहेर टाकते. बाहेर मिळतो तो सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन. यात कच्चा माल फुकट, खर्च विजेचा आणि देखभालीचा.

आता हिशेब करा. मिनिटाला ५०० लिटरचा प्लांट २४ तासांत ७२० घनमीटर देतो. जंबो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर मावतो, म्हणजे दिवसाला शंभरेक सिलिंडर. तुमचं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं. साथ नसताना तिथं असे किती लागणार? आठवड्याला चार-पाच? तेवढ्यासाठी तो अजस्र कंप्रेसर फिरवायचा तर बिल बघून कुणीही म्हणेल, गाडीतून सिलिंडर मागवा, स्वस्त पडतात. म्हणून कुलूप. यात कुणी चोर नाही. देशभरात तेव्हा हजाराहून जास्त प्लांट एकट्या पीएम केअर्समधून बसले. यंत्राचे पैसे आले, पण वीज, फिल्टर, तेल आणि चालवणारा माणूस यांची तरतूद कुणाच्या खात्यावर, हे बऱ्याच ठिकाणी स्पष्ट नव्हतं.

खरी मेख पुढं आहे. झिओलाइट ओलीला फार नाजूक. प्लांट महिनोन्‌महिने बंद राहिला आणि झडपांतून दमट हवा शिरली की खडे ओल पितात आणि मग नायट्रोजन धरत नाहीत. यंत्र सुरू होतं, आवाज करतं, काटा हलतो, पण बाहेर येते ती जवळजवळ साधी हवाच. म्हणजे पुढची साथ आली, कुलूप तोडलं, बटण दाबलं, आणि पाइपातून ऑक्सिजन म्हणून हवाच रुग्णाला.

म्हणून आठवड्यातून काही तास तरी चालवायचा. जिथं बूस्टर बसवलाय तिथं तोच ऑक्सिजन सिलिंडरमध्ये भरून आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना देता येतो, मग विजेचं बिलही डोळ्यांत खुपत नाही. नंदुरबारनं पहिली लाट ओसरल्यावर, बाकीचे निवांत असताना प्लांट बसवायला घेतले, म्हणून २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. शांततेच्या काळात यंत्र फिरतं ठेवणं हेच या धंद्यातलं अवघड काम आहे.

वडभाऊ, एक करा. पॅनेलवर छोटा तास-मीटर असतो, अवरमीटर म्हणतात. त्याचा आकडा बघता येतो का?

माळावरचा_वड (बुधवार, संध्याकाळी ७.५०)

आज सकाळी गेलो होतो. आधी अधीक्षकांना भेटलो. वाटलं हाकलून देतील, पण बाईंनी बसवून घेतलं. म्हणाल्या, तंत्रज्ञाचं पद मंजूर नाही, देखभालीचा करार संपलाय, पत्रं पाठवलीत. फाइल दाखवली. सहा पत्रं होती, शेवटचं जूनमधलं.

किल्ली स्टोअरच्या कपाटात, बिल्ल्यावर "ऑक्सि." लिहिलेली. कुलूप उघडेना, शेवटी शिपाईमामांनी त्यात खोबरेल सोडलं. आत उंदरांची घाण. वायर कुरतडलेली दिसली नाही, तेवढं नशीब. पॅनेलवरची धूळ हातानं पुसली. आकडा २१२.

कंप्रेसरवाला (बुधवार, रात्री ८.१२)

२१२ तास म्हणजे जेमतेम नऊ दिवस. त्यातले बरेचसे चाचणीचे असणार.

लगेच चालू करू नका. आधी फिल्टर आणि तेल बदलायचं. मग ड्रायर चालवायचा आणि टाक्या कोरड्या हवेनं धुवायच्या. त्यानंतर शुद्धता मोजायची. ९० च्या खाली आली तर रुग्णांच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, हे लाल अक्षरात लिहून दारावर चिकटवा. बूस्टर आहे का बघितलंत?

माळावरचा_वड (बुधवार, रात्री ८.३०)

कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी आहे, पॅकिंग अजून काढलेलं नाही. फोटो टाकतो. रुग्ण कल्याण समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, बाई म्हणाल्या अर्ज द्या, विषय घेते. फिल्टर आणि तेलाचा अंदाजे खर्च किती येईल ते सांगा, अर्जात आकडा लागेल.

कंप्रेसरवाला (बुधवार, रात्री ८.३४)

फोटो बघितला. तोच बूस्टर. कंप्रेसरच्या पाटीवरचा मॉडेल नंबर पाठवा, उद्या दुपारपर्यंत आकडा देतो. रविवारी मी तुमच्या बाजूलाच येतोय, किल्ली मिळणार असेल तर येऊन बघतो.

हिशेबनीस (बुधवार, रात्री ९.०५)

अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या. आवक क्रमांक टाकायला लावा.